हुतात्मा अनंत कान्हेरे : एक तरुण जीवन आणि पाचवी आज्ञा



कुंभार पिंपळगावच्या दक्षिणेस गोदामाई वाहते. नाशिकच्या पंचवटीला स्पर्श करून, पैठणला वळसा घालून ती आपल्या घनसावंगी तालुक्याच्या सीमेवर येते. समर्थ रामदासांचे जांब हे गाव येथून हाकेच्या अंतरावर, आणि समर्थांची तपोभूमी मानली जाणारी टाकळी ही नाशिकजवळ. म्हणजे आपल्या या भागाचे नाशिकशी असलेले नाते फार जुने आहे. या नात्यातील एक दुवा मात्र फारसा कोणाला आठवत नाही. १९०९ साली नाशिकच्या नाट्यगृहात ज्या तरुणाने कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या, तो आपल्या मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबाद शहरात शिकणारा विद्यार्थी होता. त्याचे नाव अनंत लक्ष्मण कान्हेरे.

धर्मप्रांताच्या या पानावर आम्ही बहुधा संतांची आणि मिशनऱ्यांची चरित्रे देतो. आज एका हिंदू क्रांतिकारकाचे चरित्र देत आहोत, त्याला कारण आहे. आमच्या धर्मग्रामांतील युवक शाळा-महाविद्यालयांत या हुतात्म्यांविषयी ऐकतात आणि आम्हाला विचारतात की, देशासाठी कोणी एखाद्याचा जीव घेतला तर ते पाप की पुण्य? ज्याला मारले तो ख्रिस्ती होता, मग आपण कोणाच्या बाजूने उभे राहायचे? हे प्रश्न टाळता येणार नाहीत. उत्तर शोधण्यापूर्वी ते जीवन नीट जाणून घेणे आवश्यक आहे.

बालपण आणि शिक्षण

अनंतरावांचा जन्म १८९१ च्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात, आयनी या गावी झाला. कोकणातील इतर अनेक घराण्यांप्रमाणे कान्हेरे कुटुंबातील माणसेही पोटासाठी दूरदूर पांगली होती. अनंतरावांचे प्राथमिक शिक्षण निजामाच्या राज्यातील इंदूर, म्हणजे आजच्या तेलंगणातील निजामाबाद येथे झाले. पुढे इंग्रजी शिक्षणासाठी ते औरंगाबादला आपल्या मामांकडे आले. मधला काही काळ ते बार्शी येथे आपल्या बंधूंकडे होते. १९०८ च्या सुमारास ते पुन्हा औरंगाबादला परतले आणि गंगाराम रूपचंद श्रॉफ या मित्राच्या घरी भाड्याच्या खोलीत राहू लागले.

हा गंगाराम मारवाडी समाजातील, तर अनंतराव चित्पावन ब्राह्मण. तरीही दोघांत विलक्षण स्नेह होता. त्या स्नेहावर अनंतरावांनी मित्रप्रेम नावाची एक कादंबरी लिहिली. मिसरूड फुटण्याच्या वयातला मुलगा मैत्रीवर कादंबरी लिहितो, यावरून त्याचा पिंड आपल्या ध्यानी यावा. तो हळवा होता, जीव लावणारा होता, आणि ज्याला आपले मानले त्याच्यासाठी सर्वस्व देणारा होता. हेच गुण त्याला पुढे कोठे घेऊन गेले, ते पाहताना मन विषण्ण होते.

गुप्त मंडळ

त्या काळी औरंगाबाद, जालना, अंबड हा सारा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ब्रिटिश पोलिसांचा हात येथे थेट पोहोचत नसे. त्यामुळे नाशिक, येवला या ब्रिटिश मुलखातील तरुणांना येथे आसरा मिळे. गंगारामच्या भोवती असेच एक छोटे गुप्त मंडळ जमले होते आणि त्याचा संबंध नाशिकच्या मंडळींशी होता. मंडळात घेण्यापूर्वी अनंतरावांच्या सहनशक्तीची परीक्षा घेतली गेली, चटका बसला तरी त्यांनी हात मागे घेतला नाही, अशी आठवण त्यांच्या चरित्रात सांगितली जाते.

नाशिकची पार्श्वभूमी अशी. सावरकर बंधू आणि त्यांचे सहकारी यांनी तेथे मित्रमेळा ही संस्था सुरू केली होती. १९०४ मध्ये तिचे रूपांतर अभिनव भारत या गुप्त क्रांतिकारी संस्थेत झाले. इटलीच्या मॅझिनीचा आदर्श तिच्यापुढे होता. सभासद शपथबद्ध असत आणि एका शाखेच्या लोकांना दुसऱ्या शाखेची माहिती बेताचीच असे. १९०६ मध्ये विनायक सावरकर शिक्षणासाठी लंडनला गेले. तेथून त्यांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात धाडली. १९०९ च्या आरंभी ती मुंबईत पोहोचली.

याच सुमारास त्यांचे थोरले बंधू गणेश उर्फ बाबाराव सावरकर यांना राजद्रोही मानल्या गेलेल्या कविता प्रसिद्ध केल्याबद्दल अटक झाली आणि जून १९०९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावण्यात आली. काही कवितांसाठी आयुष्यभराची हद्दपारी! त्या शिक्षेने सारे नाशिक हादरून गेले. बाबारावांचे प्रकरण पुढे सत्र न्यायालयाकडे पाठविणारे अधिकारी म्हणजे नाशिकचे कलेक्टर जॅक्सन. संतप्त तरुणांचा रोष त्यांच्यावर केंद्रित झाला. दरम्यान १ जुलै १९०९ रोजी लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायली यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि १७ ऑगस्ट रोजी ते फासावर गेले. त्या बातमीने येथील तरुणांच्या मनातील आग अधिकच भडकली.

नाशिकच्या गुप्त मंडळाचे प्रमुख कृष्णाजी गोपाळ कर्वे हे होते. पदवीधर होऊन ते कायद्याचा अभ्यास करीत होते. त्यांचे सहकारी विनायक नारायण देशपांडे हे पंचवटीच्या शाळेत शिक्षक होते. गणेश बळाजी वैद्य यांच्यामार्फत औरंगाबादचा आणि नाशिकचा धागा जुळला. जॅक्सनना मारण्याचे काम अनंतरावांनी स्वतःहून पत्करले. मारल्यानंतर आपणही जगायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता.

जॅक्सन कोण होते?

येथे क्षणभर थांबून आपण दुसऱ्या माणसाकडेही पाहिले पाहिजे. आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकारी. ते संस्कृतचे व्यासंगी अभ्यासक होते, मराठी बोलत असत, आणि लोक त्यांना पंडित जॅक्सन म्हणून ओळखत. गुजरात आणि कोकणातील लोकसमजुती, व्रते, दैवते यांविषयी त्यांनी जमविलेली सामग्री त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोवेन यांनी १९१४-१५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. आजही अभ्यासक ती चाळतात.

क्रांतिकारकांच्या दृष्टीने मात्र हा गोडवा म्हणजे मुखवटा होता. लोकांची भाषा बोलणारा अधिकारी लोकांच्या नेत्यांना काळ्या पाण्यावर धाडतो, तर त्याच्या पांडित्याचा उपयोग काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. तो सवाल पोकळ नव्हता. परकी सत्ता कितीही सुसंस्कृत माणसांच्या हातून चालली तरी ती अन्यायाचीच सत्ता राहते. पण तो माणूस केवळ एक सत्ता नव्हता. तोही कोणा मातेचा पुत्र होता, देवाच्या प्रतिमेत निर्माण झालेला होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

२१ डिसेंबर १९०९

जॅक्सन यांची बढती होऊन मुंबईस बदली झाली. त्यांच्या निरोपानिमित्त नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर नाटक मंडळीचा शारदा नाटकाचा प्रयोग ठरला. बालगंधर्व तेव्हा याच मंडळीत होते. जॅक्सन नाशिक सोडून गेले तर संधी हुकेल म्हणून गुप्त मंडळाने हाच दिवस निश्चित केला. अनंतराव पिस्तूल घेऊन आधीच नाट्यगृहात बसले होते. ते चुकलेच तर पुढे होण्याच्या तयारीने कर्वे आणि देशपांडेही तेथे हजर होते.

रात्री जॅक्सन आत आले. अनंतराव पुढे झाले आणि त्यांनी लागोपाठ गोळ्या झाडल्या. जॅक्सन तेथेच गतप्राण झाले. अनंतरावांना स्वतःचा शेवट करून घेण्यास अवधी मिळाला नाही. जवळच्या लोकांनी झडप घालून त्यांना धरले. त्यांनी आपले कृत्य नाकारले नाही. बाबारावांना झालेल्या शिक्षेचा सूड घेण्यासाठी आपण हे केले, असे त्यांनी कबूल केले.

पुढे जबान्या झाल्या, झडत्या झाल्या आणि मंडळाचा धागा उलगडत गेला. सात जणांवर खुनाचा खटला मुंबईस चालला. २९ मार्च १९१० रोजी निकाल लागला. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशीची शिक्षा झाली. १९ एप्रिल १९१० रोजी सकाळी ठाण्याच्या तुरुंगात तिघांना फासावर चढविण्यात आले. अनंतरावांनी तेव्हा विशीही गाठलेली नव्हती. त्यांचे देह नातेवाइकांच्या स्वाधीन करण्यात आले नाहीत. सरकारनेच ठाण्याच्या खाडीकाठी अंत्यविधी उरकला. आईवडिलांच्या हातून मुलाला अखेरचा निरोपही मिळाला नाही.

परिणाम दूरवर पोहोचले. नाशिक कटाच्या दुसऱ्या खटल्यात अडतीस जणांवर आरोप ठेवण्यात आले आणि त्यांपैकी सत्तावीस जण दोषी ठरले. विनायक सावरकरांना एकूण दोन जन्मठेपा झाल्या आणि १९११ मध्ये त्यांची रवानगी अंदमानात झाली. अभिनव भारतचे नाशिकमधील जाळे मोडून पडले. आज नाशिकचे प्रसिद्ध मैदान हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान या नावाने ओळखले जाते.

पूर्वेकडील थॉमस

ज्या दिवशी नाशिकला गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच्या बरोबर आठ आठवडे आधी, २६ ऑक्टोबर १९०९ रोजी, मांचुरियातील हार्बिन रेल्वे स्थानकावर अशीच घटना घडली होती. जपानचे माजी पंतप्रधान आणि कोरियावर लादलेले पहिले जपानी रेसिडेंट जनरल इतो हिरोबुमी यांना आन जुंग-गुन या कोरियन देशभक्ताने गोळ्या घालून ठार केले. हा आन जुंग-गुन कॅथलिक होता. १८९७ मध्ये फ्रेंच मिशनरी फादर विल्हेम यांच्या हस्ते त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याने थॉमस हे नाव धारण केले. तो गावोगावी फादरांबरोबर सुवार्ताप्रसाराला जाई. त्याने मुलांसाठी शाळा चालविल्या. देश हातचा जात आहे हे पाहून तो सीमेपलीकडे रशियन मुलखात गेला आणि तेथील सशस्त्र लढ्यात उतरला. १९०९ च्या आरंभी त्याने आणि अकरा सोबत्यांनी अनामिकेचे पेर कापून स्वातंत्र्यासाठी प्राण देण्याची गुप्त शपथ घेतली. याच परंपरेतून पुढे १९१९ मध्ये ईयोलदान यांसारख्या कोरियन गुप्त क्रांतिकारी संघटना उभ्या राहिल्या.

नाशिकचा अनंत आणि कोरियाचा थॉमस यांना एकमेकांचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु दोघांच्या जीवनरेषा विलक्षण समांतर आहेत. दोघांनीही आपले कृत्य लपविले नाही. दोघेही १९१० च्या वसंतात फासावर गेले. दोघांचेही देह आप्तांना मिळाले नाहीत, आणि थॉमसचे अवशेष तर आजतागायत सापडलेले नाहीत. आणखी एक योगायोग धर्मगुरू म्हणून आमच्या नजरेतून सुटत नाही. जुन्या उपासना दिनदर्शिकेत २१ डिसेंबर हा भारताचे प्रेषित संत थॉमस यांच्या सणाचा दिवस होता.

थॉमस आनच्या वाट्याला मात्र एक वेगळे दुःख आले. मृत्यूपूर्वी त्याने धर्मगुरूची मागणी केली. कोरियाचे बिशप म्युटेल यांनी परवानगी नाकारली. खून करणाऱ्याला ख्रिस्तसभेचा आधार दिला असे जगाला वाटू नये, आणि जपानी सत्तेचा रोष चर्चवर ओढवू नये, अशी त्यांची चिंता होती. तरीही फादर विल्हेम लांबचा प्रवास करून ल्युशुनच्या तुरुंगात पोहोचले. त्यांनी आपल्या मानसपुत्राचे पापनिवेदन ऐकले, त्याच्यासाठी मिस्साबलिदान अर्पण केले आणि त्याला ख्रिस्तशरीर दिले. या आज्ञाभंगाबद्दल त्यांना काही काळ धर्मकार्यातून दूर ठेवण्यात आले. २६ मार्च १९१० रोजी, पुनरुत्थान सणाच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी, थॉमसला फाशी झाली. आपला थोरला मुलगा धर्मगुरू व्हावा, अशी इच्छा त्याने कुटुंबाला कळविली होती.

तब्बल त्र्याऐंशी वर्षांनी, १९९३ मध्ये, सोलचे कार्डिनल स्टीफन किम यांनी थॉमस आनच्या स्मरणार्थ मिस्सा अर्पण केला आणि त्या काळी चर्चच्या अधिकाऱ्यांनी त्याला योग्य न्याय दिला नाही, हे मोकळेपणाने मान्य केले.

ख्रिस्तसभा काय शिकविते?

आता आमच्या युवकांच्या प्रश्नाकडे येऊ. हत्या न करण्याची पाचवी आज्ञा कोणत्याही देशासाठी किंवा ध्येयासाठी रद्द होत नाही. निःशस्त्र माणसाला बेसावध गाठून मारणे हे ख्रिस्ती सद्‌सद्विवेकबुद्धीला योग्य म्हणता येत नाही, मग तो माणूस अन्यायी सत्तेचा नोकर का असेना. त्याचबरोबर ख्रिस्तसभेची धर्मशिकवण जुलमापुढे नुसती मान तुकविण्यास सांगत नाही. मूलभूत हक्कांची निश्चित, गंभीर आणि दीर्घकाळ पायमल्ली होत असेल, इतर सर्व मार्ग थकले असतील, प्रतिकारामुळे अधिक मोठे अरिष्ट ओढवणार नसेल, यशाची साधार आशा असेल आणि त्याहून चांगला मार्ग दिसत नसेल, तरच सशस्त्र प्रतिकाराचा विचार करता येतो, असे ती सांगते. या पाचही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात.

या कसोटीवर नाशिकची घटना पाहिली तर तिचे समर्थन करणे कठीण आहे. एका अधिकाऱ्याच्या मृत्यूने सत्ता ढळली नाही, उलट दडपशाही वाढली आणि किती तरी घरे उद्ध्वस्त झाली. सूड हा न्याय नव्हे. हे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

परंतु कृत्याचा न्याय करणे वेगळे आणि माणसाचा न्याय करणे वेगळे. अनंतरावांचे अंतःकरण देवाने पाहिले आहे, आम्ही नाही. त्या वयात आपल्यातील किती जण स्वतःच्या पलीकडे कोणत्या गोष्टीसाठी झिजायला तयार असतात? त्यांच्या ठायी स्वार्थाचा लवलेश नव्हता. अन्याय पाहून त्यांचे रक्त तापले, आणि त्या तापलेल्या रक्ताला दुसरी वाट दाखविणारे वडीलधारे माणूस त्यांना भेटले नाही. थॉमस आनच्या बाबतीत बिशपांना कृत्याचे पाप दिसले, फादर विल्हेम यांना त्या पाप्याचे डोळे दिसले. आम्हा धर्मगुरूंनी यातून धडा घ्यावयाचा तो हा की, पापाला पाप म्हणावे, पण तुरुंगाच्या दारापर्यंत चालत जावे.

आपण कोणाच्या बाजूने?

राहिला शेवटचा प्रश्न. जॅक्सन ख्रिस्ती होते म्हणून आपण त्यांच्या बाजूचे, असे कोणी म्हणत असेल तर ते चुकीचे आहे. ख्रिस्ती श्रद्धा ही कोणत्याही राज्यकर्त्याची मिरास नाही. ज्या वर्षी अनंतराव फासावर गेले, त्याच वर्षी विनायक सावरकरांच्या बचावासाठी न्यायालयात उभ्या राहिलेल्या वकिलांत एक मुंबईचे कॅथलिक होते. त्यांचे नाव जोसेफ बॅप्टिस्टा, लोकांचे लाडके काका. ते लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी. १९१६ मध्ये ते होमरूल लीगचे अध्यक्ष झाले आणि १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. त्यांनी पिस्तूल उचलले नाही, पण पिस्तूल उचलणाऱ्यांच्या गटाला न्याय मिळावा म्हणून स्वतःची विद्या पणाला लावली. इंग्रजांचा धर्म आणि आपला धर्म एक, म्हणून ते गप्प बसले नाहीत.

प्रिय युवकांनो, आमच्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर या ठिकाणी आहे. आपण ना जॅक्सन यांच्या सत्तेच्या बाजूचे, ना पिस्तुलाच्या बाजूचे. आपण अन्यायाने ज्याला गाठले त्याच्या बाजूचे, मग तो अंदमानला जाणारा कवितांचा प्रकाशक असो वा नाट्यगृहाच्या दारात कोसळलेला अधिकारी. ही बाजू घेणे सोपे नाही. तिला दोन्हीकडून टोमणे मिळतात. पण कालवरीच्या टेकडीवर निरपराध प्रभू दोन अपराध्यांच्या मध्ये क्रुसावर होता, आणि त्याने आपल्याला खिळणाऱ्यांसाठीही क्षमा मागितली, हे आपण दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेवर आठवतो.

आजही गावोगावी तरुणांच्या मनात राग आहे. नापिकी आहे, बेरोजगारी आहे, जातीपातीचे अपमान आहेत. तो राग खोटा नाही. त्याला कोणी सूडाची वाट दाखवितो, कोणी द्वेषाची. त्यांच्या शेजारी बसून त्यांचे ऐकून घेणारे पालक, शिक्षक, प्रचारक आणि धर्मगुरू असतील तर एखादा अनंत आपली कादंबरी पुढे लिहीत राहील. ती जबाबदारी आपणा सर्वांची आहे.

येत्या १९ एप्रिल रोजी आपापल्या घरी सायंप्रार्थनेच्या वेळी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांचे स्मरण करावे, तसेच आर्थर जॅक्सन यांचेही करावे. चौघांनाही देवाच्या दयेच्या स्वाधीन करावे. शांतीचा राजा प्रभू येशू आपल्या देशाला न्याय आणि शांती देवो. आमेन.